मोहल्ल्याची सभा कुठे भरते?

1954 साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आपला जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. मतदारसंघ दुहेरी होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या उमेदवाराकडून पराभूत झाले. या निवडणुकीची एक आठवण आजही सांगितली जाते. आपल्या मतदारांना दुसरे मत वाया घालवायला सांगा, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना दिला होता. ज्याने संविधान लिहिले त्यानेच मत फुकट घालवा म्हणून सांगायचे, हे आपल्याकडून होणार नाही, असे म्हणून त्यांनी तो सल्ला बाजूला सारला.

आठवण मोठी आहे आणि ती सांगितली जाते हे चांगलेच आहे. पण त्या निवडणुकीचा दुसरा धागा फारसा कुणी उचलत नाही. भंडाऱ्याने ज्यांना दिल्लीला पाठवले, त्याच अशोक मेहतांना 1977 च्या डिसेंबरात जनता सरकारने पंचायत राज्याचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष केले. 1978 च्या ऑगस्टमध्ये अहवाल आला. त्यात एक शिफारस अशी होती की पंचायत राज्य हे राज्य सरकारांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला संविधानातच जागा द्यावी. जनता सरकार पडले आणि अहवाल फडताळात गेला, पण ती शिफारस काही मेली नाही. 1986 च्या सिंघवी समितीने ती पुन्हा मांडली, 1989 मध्ये त्यासाठीचे विधेयक राज्यसभेत पडले, आणि अखेर 1992 च्या डिसेंबरात त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. 24 एप्रिल 1993 पासून ती अमलात आहे.

म्हणजे एकाच निवडणुकीत भंडाऱ्यापुढे दोन माणसे मते मागत होती. एकाने संविधानाचा मसुदा केला होता, आणि दुसरा पुढे त्याच संविधानात खेड्याला जागा मागणार होता. गंमत अशी की या प्रश्नावर दोघांची मते जुळणारी नव्हती. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना स्पष्ट सुनावले होते. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर, त्याला घटक न मानता व्यक्तीला घटक मानले याचा आपल्याला आनंद आहे, असा त्यांचा आशय होता. गांधीवादी सदस्य खवळले. मग त्याच महिन्यात के. संथानम यांनी ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती आणली, बाबासाहेबांनी ती स्वीकारली, आणि आजचे चाळिसावे कलम जन्माला आले. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत बसले. मार्गदर्शक तत्त्व म्हणजे सरकारने करावे अशी अपेक्षा. केले नाही तर कोर्टात जाता येत नाही.

हे सगळे आज आठवण्याचे कारण असे की राज्यकारभार सुधारायचा तर तो कुणी सुधारायचा, हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आणि उत्तर दर वेळी एकच मिळते: चांगली माणसे निवडून द्या. पाच वर्षांतून एकदा शाई लावून घ्यायची आणि मग चहाच्या टपरीवर शिव्या घालायच्या, यापलीकडे नागरिकाच्या हाती काही आहे की नाही?

कागदावर पाहिले तर फार नाही. संविधान बदलण्याचा अधिकार कलम 368 ने संसदेला दिला आहे. काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, पण त्या साऱ्या प्रक्रियेत तुमचे आमचे नाव कुठेही नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1891 पासून घटनेत अमुक बदल करा अशी मागणी नागरिकच करू शकतात. आज त्यासाठी अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमवाव्या लागतात, मग देशभर मतदान होते आणि बहुसंख्य मतदार व बहुसंख्य प्रांत दोन्ही बाजूने असतील तरच बदल होतो. आपल्याकडे तसे काही नाही. 2013-14 मध्ये ‘जनमंच’ने अमरावती आणि नागपुरात वेगळ्या विदर्भासाठी मतपेट्या ठेवून जनमत घेतले. लोकांनी हौसेने मते दिली, मोजणीही झाली. पण नवे राज्य करण्याचा अधिकार कलम 3 प्रमाणे संसदेचा. मतपत्रिकांच्या त्या गठ्ठ्याला कायद्याच्या दारात उभेही राहता आले नाही. वेगळा विदर्भ हवा की नको हा वाद इथे काढायचा नाही. सांगायचे एवढेच की लोकांनी विचारलेला प्रश्न घेऊन जायला आपल्याकडे खिडकीच नाही.

आणि तरीही बदल झाले आहेत, आणि त्यांतले मोठे बदल महाराष्ट्राच्या मातीत सुरू झाले आहेत, हे विसरता येत नाही. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, पण रोजगार हमीची कल्पना त्यांनी आधी सभागृहात मांडून मग राबवली असे नाही. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले विसापूर हे त्यांचे गाव. 1965 साली त्यांनी तिथे प्रयोग करून पाहिला: ज्याला काम हवे त्याला काम द्यायचे, आणि कामातून गावाची मालमत्ता उभी करायची. सत्तरीच्या सुरुवातीला दुष्काळ आला तेव्हा हा प्रयोग राज्यभर न्यावा लागला. 1975 साली व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या हमीसाठी पैसा काढण्याची ती सोय होती. 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. आणि 2005 साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा पहिल्या टप्प्याच्या जिल्ह्यांत आपला भंडाराही होता. एका गावातला प्रयोग, राज्याचा कायदा, मग देशाचा कायदा: चाळीस वर्षे लागली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. तो चांगला की वाईट याची चर्चा व्हायला हवी होती ती गावागावांत. ती झाली दिल्लीत, आणि तीही घाईने.

माहितीच्या अधिकाराची वाटही अशीच. राजस्थानात मजुरांनी हजेरीपत्रके मागितली, जनसुनावण्या भरवल्या, 1996 साली ब्यावरला धरणे धरले. महाराष्ट्रात अण्णा हजारे उपोषणाला बसले. 2000 साली राज्याने केलेला कायदा दात नसलेला होता. रेटा वाढला तेव्हा 2002 मध्ये नवा आणावा लागला, आणि तो देशातल्या चांगल्या कायद्यांत मोजला गेला. 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा लागू झाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नगरपालिकेला नालीच्या बिलाचा हिशेब विचारणारा माणूस आज तुमसरला नवलाचा राहिलेला नाही. मात्र याच कायद्याला 2019 साली आणि पुन्हा 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वरून कात्री लागली, हेही नोंदवले पाहिजे. खालून मिळवलेले वरून काढून घेता येते, कारण मिळवणाऱ्याच्या हातात कायद्याची किल्ली कधीच आलेली नसते.

किल्ली नाही हे खरे, पण एक लहानशी खिडकी आहे. संपूर्ण संविधानात एकच जागा अशी आहे जिथे नागरिक प्रतिनिधीमार्फत नव्हे, स्वतः बसतो. ती जागा म्हणजे ग्रामसभा. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ती कलम 243-अ मध्ये आणली. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य. त्याला कुणी निवडून द्यावे लागत नाही आणि कुणी काढूनही टाकू शकत नाही. आमदाराची मुदत संपते, सरपंचाची संपते, ग्रामसभेची संपत नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पंचायत सदस्यांनी अविश्वास आणला, तर त्यावर शिक्कामोर्तब करायला पुन्हा ग्रामसभेपुढेच यावे लागते. अशोक मेहतांच्या आणि त्यांच्यानंतरच्या समित्यांच्या खटाटोपातून आपल्या पदरात पडलेली ही खरी कमाई आहे.

आता तुमसर तालुक्यातल्या खऱ्या ग्रामसभेकडे वळू. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. झेंडावंदन होते, पोरांना बिस्किटे मिळतात, आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सतरंजी पडते. गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. धानाच्या रोवणीचे दिवस असले की ऑगस्टच्या सभेला एवढी माणसे कुठून येणार? सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग तेच दहा-बारा लोक बसतात, ग्रामसेवक ठराव वाचतो, आणि घरकुलाची यादी मंजूर होते. नियम गावाला वाचवण्यासाठी होता, पण गावाला वगळून काम उरकण्याची सोयही त्यातूनच झाली. ‘ग्रामसभा काही कामाची नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावे की ती सभा आपण होऊ दिली होती का.

बाबासाहेबांचा आक्षेपही इथे सोडून देता येणार नाही, कारण तो खोटा नव्हता. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे त्याच्यासमोर बसून त्याच्याविरुद्ध हात वर करणे हे पुस्तकात सोपे असते. बाईमाणसाने सभेत बोलायचे तर सासऱ्याच्या देखत बोलायचे. म्हणूनच त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि महिलांसाठी जागा राखल्या, महाराष्ट्राने 2011 साली महिलांचा वाटा निम्म्यावर नेला, आणि आपल्या कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आली. माझ्या मते मेहतांच्या पंचायतीला बाबासाहेबांच्या संशयाने घातलेले हे कुंपण आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. ज्या गावात महिलांची सभा खरोखर होते तिथे दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या सभेत पाण्याचा विषय पहिल्या क्रमांकावर येतो. जिथे ती केवळ रजिस्टरवर होते तिथे पहिला विषय बहुधा सभामंडपाचा असतो.

आपल्या जिल्ह्याला एकत्र बसून कारभार करणे हे काही परके नाही. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. जिल्ह्याच्या पूर्व भागात कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर पिढ्यान् पिढ्या धान पिकला. कुणाच्या बांधीला आधी पाणी, कुणी किती दिवस पाळ दुरुस्तीला यायचे, मासोळीवर हक्क कुणाचा, हे सगळे ठरलेले असायचे आणि निस्ताराच्या नोंदीत लिहिलेलेही असायचे. त्या व्यवस्थेत मालगुजाराचा वरचष्मा होता आणि जातीची उतरंड होती, तेव्हा तिला रामराज्य म्हणायचे कारण नाही. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण मालगुजारीबरोबर तलावही सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव लागले, लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले, आणि तलाव मामाचा झाला म्हणजे कुणाचाच राहिला नाही. पाळीवर झाडे उगवली, गाळ साचला, सांडवा फुटला तर अर्ज घेऊन साकोलीला किंवा भंडाऱ्याला जायचे. 2005 साली राज्याने पाणी वापर संस्थांचा कायदा करून शेतकऱ्याला पुन्हा पाण्याच्या कारभारात बोलावले खरे. पण मधल्या पन्नास वर्षांत एकत्र बसण्याची सवय मोडली होती. तुटलेली पाळ एका उन्हाळ्यात बांधता येते, मोडलेली सवय परत यायला फार वेळ लागतो.

ती परत येऊ शकते याचा पुरावा आपल्या शेजारी आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे छोटेसे गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. घोषणेमागचे कष्ट कमी लोकांना ठाऊक आहेत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने त्या गावाने आधी अभ्यासगट काढले. कायदा वाचायचा, वनखात्याची कागदपत्रे वाचायची, आणि निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. शहरी माणसाला हे वेळखाऊ वाटते. पण ज्या निर्णयात कुणी हरलेला नसतो त्या निर्णयाची अंमलबजावणी करायला पोलीस लागत नाही, हे त्यांनी अनुभवाने शिकून घेतले. 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयारच होते. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडे! त्यासाठी आणखी दोन वर्षे झुंज द्यावी लागली आणि 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. 2013 मध्ये गावाने 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली आपली खासगी जमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा ठराव केला. त्याची सरकारी पूर्तता मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली.

मेंढ्याचे कौतुक करून घरी परतायचे, असे आपल्याकडे पुष्कळदा होते. तिथे जंगल आहे, आदिवासी समाजाची एकजूट आहे, आपल्याकडे कुठे, अशी पळवाटही तयार असते. पण तुमसर तालुक्यात जंगलापेक्षा कमी मोलाची वस्तू नाही. डोंगरी बुजुर्गला आणि चिखल्याला मॉईलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीचा माल तर टॉर्चच्या सेलला लागतो, म्हणून देशभर जातो. 2015 साली खाण कायद्यात बदल झाला आणि प्रत्येक खाणजिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान उभे राहिले. जुन्या पट्ट्यांवर खाणवाल्याने सरकारला भरायच्या रॉयल्टीच्या तीस टक्क्यांइतकी जादा रक्कम या प्रतिष्ठानात टाकायची, आणि ती खाणीने बाधित झालेल्या माणसांच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर खर्च करायची, असा कायदा आहे. हा पैसा आपल्या जमिनीखालून आलेला आहे. बाधित गावांची यादी कोणती, त्या वर्षी किती जमा झाले, कोणत्या कामाला गेले, हे प्रश्न ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. सभेची नोटीस निघण्याआधी चार माणसांनी लेखी विषय द्यायचा, एवढेच. कायदा आहे, निधी आहे, सभा आहे; उणीव असलीच तर अभ्यासगटाची.

हे झाले गावांचे. आता तुमसर शहरात येऊ, आणि इथे मात्र मामला वेगळाच आहे.

डोंगरीचा मजूर वर्षातून चार वेळा तरी उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. तुमसरच्या मोहल्ल्यातला दुकानदार, शिक्षक, राईस मिलमधला हमाल किंवा घरकाम करणारी बाई यांना तशी जागाच नाही. शहरासाठी चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती आहे. तिच्यात वॉर्ड समित्या आहेत, पण त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी. तुमसर त्याच्या जवळपासही नाही. अख्ख्या भंडारा जिल्ह्यात असे एकही शहर नाही. आणि वॉर्ड समिती असली तरी ती नगरसेवकांची. सर्व मतदारांची सभा नव्हेच. 2009 साली महाराष्ट्राने शहरांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आणली, ती बहुतेक ठिकाणी कायद्याच्या पुस्तकातच राहिली. गाव वाढून शहर झाले की माणसाला रस्ता, नळ, दिवा मिळतो आणि बसून बोलण्याचा हक्क मात्र जातो, हा उलटा न्याय कुणालाच खटकू नये याचे मला नवल वाटते.

गेल्या काही वर्षांत तर त्याहून मोठी गोष्ट घडली. संविधान सांगते की पालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. प्रत्यक्षात आरक्षणाच्या खटल्यांत आणि प्रभागांच्या वादात राज्यातल्या अनेक नगरपालिका मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिल्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावले, तेव्हा कुठे डिसेंबर 2025 मध्ये नगरपालिकांसाठी मतदान झाले. या मधल्या काळात गावातली ग्रामसभा चालू होती, कारण तिला मुदतच नसते. शहराच्या नागरिकाकडे मात्र ना नगरसेवक होता ना सभा. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हा नियमही 2016 साली एक, 2020 साली दुसरा, 2022 साली पुन्हा पहिला असा फिरला. सरकार बदलले की नियम बदलला. मतदाराला कुणी विचारले नाही, आणि त्यानेही विचारले नाही की आम्हाला का विचारत नाही.

शहरातल्या माणसाला थेट मत देता येत नाही असे मात्र नाही. एक बाब आहे, आणि ती आपल्या बायकांनी मिळवलेली आहे. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातले किंवा शहरातल्या वॉर्डातले दारूचे दुकान बंद करावे अशी मागणी पंचवीस टक्के महिलांनी किंवा एकूण मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी केली, तर मतदान घ्यावे लागते. चिठ्ठीवर दोन चित्रे: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला यादीतल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद. केवळ आलेल्यांपैकी निम्मे चालत नाहीत, हे लक्षात घ्या. जी आली नाही तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला जाते. आमदार निवडून यायला एवढी कठीण अट असती तर विधानसभेत किती बाके भरली असती? तरीही अनेक ठिकाणी बायकांनी ही अट पार केली. सह्या तपासणीच्या फेऱ्या, दुकानदाराचा दबाव, मतदानाच्या आदल्या रात्रीची पाकिटे, या सगळ्यांना पुरून उरल्या. दारूबंदीने दारू सुटते का, हा वाद वेगळा. पण मोहल्ल्यातल्या बाईला दारूच्या दुकानावर मत देता येते, तर दारासमोरून वाहणाऱ्या नालीवर का देता येऊ नये? दुकानाचा निर्णय घ्यायला ती शहाणी आहे आणि अंदाजपत्रकाचा घ्यायला नाही, असे कुणी म्हणणार असेल तर त्याने ते तिच्यासमोर म्हणावे.

बाहेरच्या जगातले अनुभव इथे उपयोगी पडतात, आणि त्यांत फजितीचेही आहेत. आयर्लंडने 2016 साली नव्व्याण्णव सामान्य नागरिकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले. त्यांना गर्भपातासारख्या अत्यंत नाजूक प्रश्नावर महिनोन् महिने तज्ज्ञांकडून माहिती दिली, बसून चर्चा करू दिली, आणि त्यांच्या शिफारशीवर 2018 साली देशाने मतदान करून घटना बदलली. आइसलंडने 2011 साली सामान्य नागरिकांच्या मंडळाकडून नवी घटनाच लिहून घेतली. पुढच्या वर्षी मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनी तिला पसंती दिली, पण संसदेने ती मंजूर केली नाही. चिलीत तर लोकांनी निवडलेल्या सभेने लिहिलेली घटना 2022 साली लोकांनीच फेटाळली, आणि 2023 साली दुसरा मसुदाही फेटाळला. फार मोठे एकदम मांडले की माणसे बिचकतात. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने 1989 पासून लहान वाट धरली. पालिकेच्या पैशातला काही भाग कुठे खर्च करायचा ते मोहल्ल्याच्या सभेत ठरवायचे. आपल्या पुण्याच्या महापालिकेनेही 2006-07 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवायला सुरुवात केली.

तुमसरला यातले काय जमेल? स्वित्झर्लंड नको आणि चिली तर नकोच. एक वॉर्ड पुरे. नगरसेवकाने आपल्या वॉर्डाची सभा बोलवायला कोणताही कायदा आड येत नाही. ठराव बंधनकारक नसेल, पण लिहिलेला असेल आणि पालिकेच्या आवक रजिस्टरमध्ये त्याला नंबर पडलेला असेल. नेहमीचे दहा बोलके पुरुषच येतील ही भीती खरी आहे. त्यावर आयर्लंडची युक्ती चालेल: वॉर्डाच्या मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून चाळीस नावे काढायची, वीस बायका, वीस पुरुष, आणि त्यांच्या घरी जाऊन आमंत्रण द्यायचे. पहिली सभा बायकांची, दुसरी सगळ्यांची, हा ग्रामसभेचा नियम तसाच उचलायचा. विषय एकच ठेवायचा. माझी निवड विचाराल तर पहिला विषय त्या वॉर्डातल्या गेल्या तीन वर्षांच्या कामांची यादी आणि बिले. ती माहितीच्या अधिकारात मिळतात. बिल हातात असले की सभेत आवाज चढत नाही, मापे बोलतात.

असे दोन-तीन वॉर्डांत चालले, मग भंडाऱ्यात, साकोलीत, पवनीत चालले, की नगरपालिका कायद्यात ‘वॉर्डसभा भरवता येईल’ऐवजी ‘भरवावी लागेल’ असा शब्द घालण्याची मागणी घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाकडे जाता येईल. तेव्हा हाती घोषणांचा फलक नसेल, सभांची रजिस्टरे असतील. विसापूरची वही अशीच वर गेली होती, ब्यावरची हजेरीपत्रकेही. आणि कलम 243 मध्ये एक शब्द बदलायचा तर किती वर्षे लागतील? मेहता समितीच्या अहवालापासून त्र्याहत्तराव्या दुरुस्तीपर्यंत चौदा वर्षे गेली होती.

नगरपालिकेचे अंदाजपत्रक दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास सभागृहात येते. त्याआधी डिसेंबर-जानेवारीत धान विकून झालेला असतो, राईस मिलवरची गर्दी ओसरलेली असते, आणि संध्याकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणात दिवा लावून बसायला हवा बरी असते. पालिकेच्या शाळेची एक खोली मागण्याचा अर्ज साध्या कागदावर, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे चालतो.